हात्सुएबाईंचं अठ्ठेचाळिसावं पान

कुसाकाबे नगरपालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात अडतीस वर्षं होते आणि या अडतीस वर्षांत आपल्या हातून एकही शिक्का तिरका पडला नाही, असं ते लोकांना सांगत. लोक म्हणजे पत्नी हात्सुएबाई आणि शेजारचे तोरिगोए. निवृत्त माणसाचं ऐकून घेणारे लोक तेवढेच उरतात. आता यात एक बारकावा होता. कागदावर साहेबाच्या शिक्क्याशेजारी आपला शिक्का मारायचा असेल, तर तो साहेबाच्या दिशेला जरासा कललेला हवा, म्हणजे हाताखालचा माणूस वाकून नमस्कार करतोय असं दिसतं, ही जुन्या कचेऱ्यांची रीत. कुसाकाबे बरोब्बर बारा अंशांत कलवत. पण अशा शिक्क्याला ते तिरका म्हणत नसत. नम्र म्हणत.

त्यामुळे नोव्हेंबरातल्या एका शुक्रवारी हात्सुएबाई जेव्हा म्हणाल्या, "अहो, उद्या एक शिक्का आणायचाय. जमेल ना?" तेव्हा कुसाकाबेंनी वर्तमानपत्र खाली ठेवलं आणि तिच्याकडे नुसतं पाहिलं. एखाद्या बल्लवाचार्याला भात लावता येतो का असं विचारल्यावर तो जसा पाहील, तसं.

शिक्का साधा नव्हता. हात्सुएबाईंची एक वही होती. हिरव्या जरीच्या पुठ्ठ्याची, पंख्यासारखी घडीघडीने उलगडणारी. देवळात दर्शन घेतलं की तिथला पुजारी अशा वहीच्या पानावर काळ्या शाईत कुंचल्याने देवस्थानाचं नाव लिहितो आणि वर लाल शिक्का उमटवतो. अकरा वर्षांत हात्सुएबाईंनी सत्तेचाळीस देवळांच्या पायऱ्या चढून सत्तेचाळीस पानं भरली होती. डाव्या गुडघ्याची वाटी याच पायऱ्यांनी खाल्ली असं डॉक्टरांचं मत होतं, पण डॉक्टर सभ्य होते, त्यांनी देवांची नावं घेतली नाहीत. सोमवारी गुडघ्याची शस्त्रक्रिया होती.

आणि अठ्ठेचाळिसावं, शेवटचं पान पहिल्या दिवसापासून राखून ठेवलेलं होतं उसुगावाच्या शिरातामा देवळासाठी. तिथं हात्सुएबाई लहानपणी आईचं बोट धरून गेल्या होत्या. तिथले म्हातारे पुजारी फक्त शनिवारी, दहा ते तीन, स्वतःच्या हाताने लिहितात.

"ते एक पान भरलं की वही पुरी," हात्सुएबाई टॉवेलच्या घड्या घालता घालता म्हणाल्या. "मग मी मोकळी."

"मोकळी म्हणजे?"

"म्हणजे नव्या गुडघ्याने पायऱ्या चढता येतील की नाही कुणी सांगावं? अर्धवट वही मागे ठेवून मला इस्पितळात जायचं नाहीये."

हे त्या मान खाली घालून म्हणाल्या. हात्सुएबाई भ्यालेल्या असल्या की त्यांची मान खाली जाते, हे कुसाकाबेंना चाळीस वर्षांच्या संसारानंतर कळत होतं. पण कळल्यावर काय बोलायचं याचं प्रशिक्षण पाणीपुरवठा खात्यात दिलं जात नाही. म्हणून त्यांनी विचारलं, "गाडी किती वाजताची आहे?"

"आठ वीसची. आणि ऐका. आधी दर्शन, मग वही. वही दोन्ही हातांनी द्यायची. ते लिहीत असताना बोलायचं नाही. आधीच लिहून ठेवलेले सुटे कागद असतात त्यांच्याकडे, ते घेऊन यायचे नाहीत. पानावरच लिहून घ्यायचं. आणि वहीत दुसरं काही म्हणजे काहीही—"

"हात्सुए, मी अडतीस वर्षं—"

"माहीत आहे. म्हणूनच सांगतेय."

कुसाकाबे एकटेच गेले असते तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण संध्याकाळी ते अंगणात उभे असताना कुंपणापलीकडून तोरिगोएंचं डोकं वर आलं. तोरिगोएंनी आयुष्यभर गाद्या विकल्या होत्या आणि गादीवर पडलेला माणूस जेवढ्या विषयांवर विचार करू शकतो तेवढ्या सगळ्या विषयांत त्यांना गती होती.

"उसुगावा? दर्शन दहा मिनिटांचं. बाकीचा वेळ काय करणार?"

"परत येणार."

"उसुगावाला जाऊन धबधबा न बघता? जुना पूल न बघता? लोक काय म्हणतील?"

"कुठले लोक?"

"मी," तोरिगोए म्हणाले.

सकाळी आठ वाजता ते स्टेशनवर हजर होते. गळ्यात दुर्बीण, पाठीला पिशवी आणि हातात दिवसाचा आराखडा. पावसाने भिजू नये म्हणून प्लॅस्टिकमध्ये बंद केलेला. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. खिशातून त्यांनी हळूच एक कार्ड काढून दाखवलं. उसुगावाच्या पर्यटन कक्षाचं ते कार्ड होतं. गावातली पाच ठिकाणं बघायची, प्रत्येक ठिकाणी कार्डावर एक शिक्का घ्यायचा, पाच झाले की बक्षीस म्हणून एक नॅपकिन. तोरिगोएंच्या घरी अशा गावोगावच्या एकतीस नॅपकिनांची चळत होती. त्यातल्या एकानेही कुणी हात पुसला नव्हता.

"देऊळ पाचव्या क्रमांकावर का?" कुसाकाबेंनी आराखडा बघून विचारलं.

"कारण ते टेकडीवर आहे. दोनशे चौदा पायऱ्या. त्या चढल्यावर माणसात काही बघण्याचं त्राण उरतं का? आधी खालची चार, मग वरचं एक. तीनपर्यंत वेळ आहे. पाच तास, कुसाकाबेसान! पाच तासांत माणूस तीन देवळं बांधेल."

कुसाकाबेंना हे पटलं. क्रमांक घातलेली कुठलीही गोष्ट त्यांना पटत असे.

पहिला शिक्का स्टेशनातच मिळाला. दुसरा जुन्या पुलावर. तिथं कोणे एके काळी एका सरदाराचा घोडा घसरला होता. घसरला म्हणजे पडला नव्हता, नुसता घसरला होता. त्या जागेला कठडा होता, पाटी होती आणि ती जागा बघायला चाळीस माणसांची रांग होती. तिसरा धबधब्यापाशी. तिथं तोरिगोएंनी कार्डासकट स्वतःचा फोटो काढून घ्यायचं ठरवलं आणि कार्ड मागे धबधब्याच्या दिशेने, हात लांब करून, पुष्कळ वेळ धरलं. फोटो उत्तम आला. कार्डाचं पापलेट झालं.

चौथं ठिकाण होतं कोन्याकू भवन.

कोन्याकू म्हणजे एका कंदाची करडी, थुलथुलीत वडी. तिला चव नसते, पण ती पोटातला सगळा केर काढते अशी तिची ख्याती आहे. उसुगावा पिढ्यान्‌पिढ्या तिच्यावर जगतं. भवनाच्या दारातच गावाच्या लाडक्या बाहुल्याचा, कोन्याबोचा, माणसाएवढा पुतळा उभा होता: हातपाय फुटलेली करडी वडी, गालांवर गुलाबी टिकल्या, एका हातात झाडू, चेहऱ्यावर अमर्याद हसू. खाली लिहिलं होतं, 'पोट साफ, मन साफ!'

काउंटरवर मिनेगिशी नावाच्या बाई होत्या. तसं त्यांच्या छातीवरच लिहिलं होतं. त्यांनी तोरिगोएंचं कार्ड दोन बोटांनी उचललं. कार्डातून एक थेंब पडला.

"क्षमा करा, ओल्या कार्डावर शिक्का मारू नये असं परिपत्रक आहे."

"परिपत्रक!" तोरिगोए म्हणाले. "अहो, धबधबा तुम्हीच दाखवता, आणि—"

"थांबा तोरिगोएसान," कुसाकाबे म्हणाले. "बाई, परिपत्रकाचा क्रमांक?"

"सतरा. कलम चार."

कुसाकाबेंना भरून आलं. निवृत्तीनंतरच्या पाच वर्षांत त्यांना कुणी कलम सांगितलं नव्हतं. मिनेगिशीबाईही विचारणारा माणूस भेटल्यामुळे विरघळल्या असाव्यात. त्यांनी कार्ड टिपकागदात दाबलं, फुंकलं, "जवळजवळ कोरडं आहे" असा निर्णय दिला आणि शिक्का मारला. तो अर्धाच उठला. झाडू आला, पाय आले, चेहरा नाही.

"याचं हसू कुठाय?" तोरिगोए ओरडले. "बिनहसण्याचा कोन्याबो चालेल का? नॅपकिन देताना उद्या शंका काढतील!"

इथं कुसाकाबेंनी आराखडा बघितला असता, घड्याळ बघितलं असतं, किंवा नुसतं बाहेर जाऊन पुतळ्याकडे बघितलं असतं तरी चाललं असतं. पण समोर एक फसलेला शिक्का होता. बुडणारा माणूस दिसल्यावर पोहणाऱ्याचं जे होतं ते त्यांचं झालं.

"बाई, राग मानू नका," ते म्हणाले, "पण तुमच्या शिक्क्याखाली गादी नाही."

"गादी?" तोरिगोएंनी कान टवकारले. हा त्यांचा विषय होता.

"शिक्क्याखाली कागद, कागदाखाली मऊ काहीतरी हवं. कठीण लाकडावर मारलेला शिक्का हा शिक्का नव्हे, तो आघात आहे. बघा, दाखवतो."

मऊ काहीतरी म्हणून काउंटरवर काहीच नव्हतं. कुसाकाबेंच्या पिशवीत मात्र होतं. जाड, दुपदरी कागदाच्या अठ्ठेचाळीस घड्या: याहून सुरेख गादी मिळणार कुठे? त्यांनी वही काढली. दोन्ही हातांनी. पण ती उघडायची कुठं? भरलेल्या पानांवर देवांची नावं होती, त्यांच्यावर कोन्याबोचं कार्ड ठेवणं म्हणजे अनादर झाला असता. म्हणून त्यांनी विचारपूर्वक वहीचं एकमेव कोरं पान उघडलं. या संपूर्ण प्रकरणात त्यांचा विचार कुठंही चुकलेला नाही, हे लक्षात घेण्यासारखं आहे.

पानावर कार्ड ठेवलं. शिक्का पॅडवर तीनदा हलकेच टेकवला. "आता डोळे मिटायचे," कुसाकाबे म्हणाले. "शेवटच्या क्षणी नजर आड येते. हाताला माहीत असतं." त्यांनी डोळे मिटले.

त्याच वेळी मिनेगिशीबाईंच्या लक्षात आलं, की कार्डाचा एक कोपरा अजून ओलसर आहे आणि त्याने या आजोबांच्या सुंदर वहीला डाग पडेल. त्या अत्यंत जबाबदार बाई होत्या. त्यांनी अलगद, दोन्ही हातांनी, अजिबात आवाज न करता कार्ड बाजूला ओढून घेतलं.

कुसाकाबेंनी शिक्का ठेवला. अंगाचा भार मनगटात आणला. तीनपर्यंत आकडे मोजले. सरळ वर उचलला.

अडतीस वर्षांत असा शिक्का पडला नव्हता. कड न्‌ कड उठली होती. झाडूची काडी न्‌ काडी मोजून घ्यावी. गालांवरच्या टिकल्या, 'पोट साफ, मन साफ!' यातलं उद्गारचिन्ह, सगळं लखलखीत. आणि पानाच्या ऐन मध्यभागी.

"हसू आलं बघा!" तोरिगोए म्हणाले.

मग मिनेगिशीबाई कमरेत वाकल्या. कुसाकाबे वाकले. बाई आणखी वाकल्या. पाहुण्यापेक्षा आपण आधी सरळ कसं व्हायचं, म्हणून दोघंही पुष्कळ वेळ तसेच राहिले. शेवटी तोरिगोएंना मध्ये पडावं लागलं.

"असं करा, पावाच्या तुकड्याने घासा. आमच्या दुकानात बिलावर—"

"पसरेल."

"मग पान कापा."

"सलग घडीची वही आहे. पान कापलं तर पुठ्ठाच निखळेल."

"मग हात्सुएसानना सांगा, की देवळाचा शिक्का हल्ली असाच असतो. नवी पिढी, नवे पुजारी—"

"झाडू घेतलेला देव?"

"स्वच्छतेचा," तोरिगोए म्हणाले, पण त्यांचंही मन त्यात नव्हतं.

खुर्चीवर बसवून दिलेलं पाणी पिऊन झाल्यावर कुसाकाबे हळूहळू भानावर आले, आणि भानावर येणं म्हणजे त्यांच्यासाठी नियमावर येणं. चुकीची नोंद खोडून काढायची नसते. ती रीतसर रद्द करायची असते. नोंदीवर दोन समांतर रेघा, शेजारी रद्द करणाऱ्याचा स्वतःचा शिक्का. त्यांनी मिनेगिशीबाईंकडून पट्टी आणि लाल पेन मागून घेतलं. कोन्याबोच्या पोटावरून दोन रेघा ओढल्या, समांतर, एकमेकींपासून चार मिलिमीटरवर. घरून निघताना किल्ल्या विसरतील पण हा विसरणार नाहीत असा आपला आडनावाचा लहान शिक्का त्यांनी खिशातून काढला आणि शेजारी उमटवला. कुसाकाबे. सरळ.

आता मिनेगिशीबाईंचं कर्तव्य सुरू झालं. शिक्का गावाच्या मालकीचा. तो बाहेरच्या माणसाच्या हातून उमटला, शिवाय कार्डाखेरीज भलत्याच कागदावर. त्यांनी विभागप्रमुखांना बोलावलं. विभागप्रमुख टाय सरळ करत आले, त्यांनी खेद व्यक्त केला, एक छापील फॉर्म दिला. फॉर्ममध्ये 'गैरवापराचं कारण' असा एक रकाना होता आणि तो दोन ओळींचा होता. कुसाकाबेंनी पुरवणी कागद मागितला. फॉर्म तपासून झाल्यावर विभागप्रमुखांनी वहीच्या पानावर कोन्याबोच्या पायाशी एक आडवा शिक्का मारला: 'अनवधानाने उमटला. उसुगावा पर्यटन कक्ष.' खाली तारीख. मग स्वतःचा शिक्का हातात घेऊन ते थबकले.

"आपण निवृत्त कुठल्या पदावरून?"

"उपविभागप्रमुख. पाणीपुरवठा."

विभागप्रमुखांनी वयाचा मान राखून आपला शिक्का कुसाकाबेंच्या शिक्क्याकडे जरासा झुकवून मारला. अंदाजे बारा अंश. कुसाकाबेंनी त्यांच्याकडे पाहिलं. दोघांचेही डोळे पाणावले.

पानाकडे बघून कुसाकाबेंना क्षणभर अपार समाधान वाटलं. आता त्यात कुठलाही लेखापरीक्षक बोट ठेवू शकला नसता. आणि मग त्यांना आठवलं, की हे पान लेखापरीक्षकाला दाखवायचं नसून हात्सुएला दाखवायचं आहे.

घड्याळात दोन वाजून बावीस मिनिटं झाली होती.

दोनशे चौदा पायऱ्या कुसाकाबे पळत चढले असं म्हणता येणार नाही, पण पळत चढणाऱ्या माणसाला येणारे सगळे आवाज त्यांच्या तोंडातून येत होते. वरच्या तोरी कमानीपाशी ते थांबले आणि वाकून नमस्कार केला, कारण घाई कितीही असली तरी नमस्कार न करता कमान ओलांडायची कशी? मागून तोरिगोए रस्त्याच्या मधोमध धावत आले.

"कडेने! मधून देव जातो!"

"या वेळी? अहो, देव पुढे असेल, मी मागून—"

"कडेने, तोरिगोएसान!"

हौदावर आधी डावा हात, मग उजवा, मग चूळ. देवासमोर दोनदा वाकणं, दोन टाळ्या, पुन्हा एकदा वाकणं. मनात काय मागायचं ते कुसाकाबेंनी ठरवलेलं नव्हतं. 'गुडघा' एवढाच शब्द आला आणि मग काही सुचेना, म्हणून ते तसेच वाकून राहिले.

लिहून देण्याच्या खिडकीपाशी नऊ माणसं होती. दोन चाळीस. प्रत्येकाला दोन-अडीच मिनिटं. कुसाकाबेंनी मनात भागाकार केला, उत्तर आवडलं नाही, पुन्हा केला. त्यांचा नंबर आला तेव्हा दोन सत्तावन्न झाले होते.

खिडकीतल्या पांढऱ्या झग्याच्या आणि लाल घागऱ्याच्या सेविकेने दोन्ही हातांनी वही घेतली. हात्सुएबाईंनी शेवटच्या पानात खुणेची पट्टी घालून ठेवली होती. मुलीने तिथं वही उघडली.

"आजोबा," ती म्हणाली. कुसाकाबेंना कुणी आजोबा म्हटलेलं खपत नसे, पण आज ते त्याही लायकीचे नव्हते. "इथं कोन्याबो आहे."

"रद्द केलाय."

"हो, दिसतंय. फारच छान रद्द केलाय. पण पर्यटनाचा शिक्का असलेल्या पानावर देवाचं नाव लिहीत नाहीत."

"तो शिक्का आता शिक्काच नाही. नोंदच रद्द झाली. प्रमाणपत्र आहे बघा खाली."

"मग रद्द पानावर कसं लिहायचं?"

हे उत्तर कुसाकाबेंनी स्वतः हजारो नळधारकांना दिलं होतं. खिडकीच्या या बाजूने ते कसं ऐकू येतं हे त्यांना आज कळत होतं.

"बरं, मग लिहून ठेवलेला सुटा कागद द्या," ते म्हणाले. हात्सुएने बजावलेली आणखी एक गोष्टही गेली.

"सुटे कागद गुरुजी नसतात त्या दिवशी देतो. आज आहेत."

"तीन वाजता ते उठतील. मग नसतील. तेव्हा द्या."

"तीनला खिडकी बंद होते."

"ही पद्धत ठरवली कुणी?" मागून तोरिगोए गरजले.

"उत्तम पद्धत आहे," कुसाकाबे विझत्या आवाजात म्हणाले. "पळवाट एकही नाही."

मुलीने वही दोन्ही हातांनी परत केली. ती घेऊन आता वळायचं होतं. पाणीपुरवठा खात्याच्या खिडकीवरून माणसं अशीच वळत आणि त्यांच्या पाठी बघताना कुसाकाबेंना कधी काही वाटलं नव्हतं. ते वळले नाहीत.

"तुमचं बरोबर आहे," ते म्हणाले. "नियम बरोबर आहे. चूक माझी. पण सोमवारी तिचा गुडघा कापणार आहेत. सत्तेचाळीस पानं ती स्वतः चढून गेली. मला फक्त एक सांगितलं होतं. एक. आणि मी... मी शिक्का नीट मारायला गेलो." ते आयुष्यात पहिल्यांदाच नियमाच्या विरुद्ध बोलत होते आणि त्या भाषेतले शब्द त्यांच्याकडे नव्हते.

आत कुंचला थांबला. म्हातारे पुजारी गुडघ्यांवर हात टेकून उठले, खिडकीशी आले आणि चष्मा वर करून पानाकडे बघत राहिले.

"हा कुणी मारला?"

"मी."

"सुबक आहे. रेघाही तुमच्या?"

"हो."

"पट्टी लावून?"

"हो."

"पन्नास वर्षं लिहितोय," पुजारी म्हणाले. "चहा सांडलेली पानं बघितली, मांजराने फाडलेली बघितली. एवढ्या काळजीने वाया घालवलेलं पान पहिल्यांदाच बघतोय." त्यांनी वही मिटली. "यावर मला लिहिता येणार नाही. वही पुरी करून हवी असेल तर ते माझ्या हातात नाही."

मग त्यांनी वही पालथी केली. घडीच्या वहीला पाठ असते आणि ती सगळी कोरी होती.

"इथं लिहीन. चालेल?"

"पण मग वही पुरी होणार नाही," कुसाकाबे म्हणाले. "दुसरी बाजू सुरू होईल."

"होईल की. आणखी अठ्ठेचाळीस पानं आहेत. म्हणून तर विचारतोय. घरी विचारायचं असेल तर पुढच्या शनिवारी या."

पुढच्या शनिवारी हात्सुए इस्पितळात असणार होती. कुसाकाबेंनी आयुष्यात वरिष्ठांच्या मंजुरीशिवाय एक नळ बदलला नव्हता. हात्सुएला मोकळं व्हायचं होतं. तिने तसं स्पष्ट सांगितलं होतं, टॉवेलच्या घड्या घालताना, मान खाली घालून. त्यांना ती खाली गेलेली मान दिसली. आतून घंटा वाजायला लागली. तीन.

"लिहा," कुसाकाबे म्हणाले.

पुजारी लिहीत असताना ते बोलले नाहीत. तोरिगोएही बोलले नाहीत. हे मात्र सूचनेप्रमाणे झालं.

परतीच्या गाडीत तोरिगोएंनी तीन वेगवेगळ्या थापा तयार करून दिल्या. त्यातली एक भूकंपाची होती. कुसाकाबेंनी एकही घेतली नाही. घरी पोचल्यावर ते बूट काढून सरळ बैठकीत गेले, स्टुलावर पाय ठेवून बसलेल्या हात्सुएबाईंसमोर गुडघे मोडून ताठ बसले आणि वही दोन्ही हातांनी पुढे केली. पाठ वर.

"वा," हात्सुएबाई म्हणाल्या. "काय अक्षर आहे! आई असती तर—" मग त्या थांबल्या. "अहो, पण हे मागच्या बाजूला का लिहिलंय?"

"पुढे बघ," कुसाकाबे म्हणाले आणि कपाळ जमिनीला टेकवलं.

पान उलटल्याचा आवाज आला. जमिनीवरच्या चटईच्या काड्या कुसाकाबेंनी एकतीसपर्यंत मोजल्या.

"हा कोण?"

"कोन्याबो."

"आणि याच्यावर रेघा कशाला मारल्यात?"

"रद्द केला."

"शेजारी तुमचं नाव. त्याच्या खाली 'अनवधानाने'..." हात्सुएबाईंचा आवाज चिरकला. कुसाकाबेंनी डोकं जरासं वर केलं. तिचे खांदे हलत होते. ते रुमाल काढून तिच्याकडे सरकले, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की ती रडत नाहीये. पोट धरून हसतेय. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, खोकला येईपर्यंत. डॉक्टरांनी तारीख दिल्यापासून या घरात कुणी हसलं नव्हतं.

"हसवू नका हो, गुडघा दुखतोय!"

"मी काही बोललोच नाही."

"'पोट साफ, मन साफ'... अगं आई गं!"

हसू ओसरायला बराच वेळ लागला. मग त्यांनी वही पुन्हा पालथी केली आणि पाठीच्या घड्या एकेक करून उलगडल्या. कोऱ्या पानांची पट्टी त्यांच्या मांडीवरून स्टुलावर, स्टुलावरून चटईवर, थेट कुसाकाबेंच्या गुडघ्यापर्यंत आली.

"म्हणजे वही पुरी झाली नाही."

"नाही."

"सत्तेचाळीस राहिली."

"हो." कुसाकाबे शिक्षा ऐकायला तयार झाले. "मला विचारायला वेळ नव्हता. मीच लिहा म्हणालो."

हात्सुएबाईंची नजर सगळ्या पट्टीवरून फिरून त्यांच्या डाव्या पायावर आली. कामचुकार नोकराकडे बघावं तशा त्या त्याच्याकडे बघत राहिल्या.

"सोमवारी डॉक्टरांना नीट सांगा," त्या म्हणाल्या. "साधा नको. पायऱ्यांचा गुडघा बसवा म्हणावं."

"सांगतो. लेखी देतो."

"लेखी नको! आणि तुम्हाला यावं लागेल बरोबर. पिशवी कोण धरणार?"

"येईन."

"वही मी धरीन."

"हो."

"आणि देवळात शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत तुमचे दोन्ही हात खिशात."

कुसाकाबेंनी यावर विचार केला. त्यात त्यांना एक तांत्रिक अडचण दिसली.

"देवापुढे टाळ्या कशा वाजवायच्या मग?"

"टाळ्यांपुरते काढा," हात्सुएबाई वहीची घडी घालत म्हणाल्या. "दोन वाजवल्या, की लगेच आत."